पंपिंग तीसवर आलंय, मग व्हॉल्व्ह बदलून उपयोग काय?

प्रश्न (लालबागच्या एका वाचक भगिनीचं पत्र, ओळख पटेल असे तपशील गाळून)

बाबा ७१ वर्षांचे, बेस्टमधून निवृत्त. राहायला चाळीत तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. वर्षभर जिना चढताना दम लागायचा, आम्ही वयावर ढकललं. दादरहून भाजी आणणं, सकाळचा फेरफटका हे त्यांनी आपणहूनच बंद केलं. घरात बसलेले असले की काही त्रास नसतो. मागच्या महिन्यात करी रोडच्या पुलावर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ते खालीच बसले. टू-डी इकोमध्ये महाधमनीचा व्हॉल्व्ह अरुंद निघाला, तोंड ०.७ चौरस सेंटिमीटर, आणि ईएफ, म्हणजे हृदयाचं पंपिंग, ३० टक्के. एक हृदयरोगतज्ज्ञ म्हणतात व्हॉल्व्ह बदला. दुसरे म्हणतात दाबातला फरक फक्त २८ आहे, म्हणजे व्हॉल्व्ह मध्यमच खराब आहे, खरा दोष हृदयाच्या स्नायूत आहे, गोळ्यांवर राहा. दादा म्हणतो, सत्तर टक्के हृदय गेलेलं आहे, उरलेल्या तीसवर छाती कशाला फाडायची, सुखाने जगू दे. आई त्याच्याच बाजूने. बाबांना आम्ही 'थोडा अशक्तपणा आहे' एवढंच सांगितलंय. ऑपरेशन करून काही झालं तर मी दोषी, न करता झालं तरी मीच. अशा हृदयाचा माणूस व्हॉल्व्ह बदलल्यावर जगतो का? आणि किती?

उत्तर

आधी तुम्ही सरळ विचारलंय त्याचं सरळ उत्तर. हो, जगतात. ईएफ ३० असलेली माणसं व्हॉल्व्ह बदलून घरी जातात आणि त्यांतल्या पुष्कळांचं पंपिंग नंतर वाढतं. ईएफ ६० असलेल्या माणसापेक्षा त्यांची ऑपरेशनमधली जोखीम जास्त असते आणि पुढची वर्षंही सरासरीने कमी मिळतात, हेही खरं. पण बाबांना ६०चं हृदय कुणी देऊ केलेलं नाही, त्यामुळे ती तुलना कामाची नाही. तुलना करायची ती व्हॉल्व्ह बदललेले बाबा आणि व्हॉल्व्ह तसाच ठेवलेले बाबा यांची. तुमच्या एवढ्या मोठ्या पत्रात या दुसऱ्या बाबांचं पुढे काय होईल याबद्दल एकही ओळ नाही. घरातल्या चर्चेतही नसावी.

दादांचं 'सत्तर टक्के गेलं' हे गणित मात्र चुकीचं आहे, आणि अशा किती घरांत ते केलं जातं याची गणती नाही. डाव्या कप्प्यात समजा १०० मिलिलिटर रक्त भरलं, तर ठणठणीत हृदयसुद्धा एका ठोक्यात ते सगळं बाहेर टाकत नाही. साधारण ५५ ते ७० टाकतं, उरलेलं आतच राहतं. बाबांचं ३० टाकतंय. कमी आहे, चांगलंच कमी आहे, पण याचा अर्थ सत्तर टक्के स्नायू मेला असा होत नाही. शिवाय हा आकडा इको करणाऱ्याच्या नजरेवर आणि यंत्रावरही थोडा अवलंबून असतो. एकाच आठवड्यात दोन ठिकाणी इको केला तर पाच-सात अंकांचा फरक सहज पडतो. तेव्हा तीस की पस्तीस यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

विचारायचा प्रश्न वेगळा आहे: पंपिंग कमी झालं ते कशामुळे?

तुमच्या चाळीच्या पाण्याच्या पंपाचं उदाहरण घ्या. वर जाणाऱ्या नळाचा कॉक कुणी जवळजवळ बंद केला तर मोटर घरघरते, तापते, आणि टाकीत पाणी चढत नाही. तेव्हा 'मोटर कमजोर झाली' असं म्हणून कॉक तसाच ठेवायचा का? अरुंद व्हॉल्व्हपुढे हृदयाची हीच गत होते. स्नायू आधी जाड होतो, वर्षानुवर्षं जोर लावून रक्त ढकलतो, आणि एका टप्प्यावर थकतो. हा अडथळा काढला की बऱ्याचदा त्याला उभारी येते. म्हणूनच अमेरिका आणि युरोप दोन्हीकडच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की व्हॉल्व्ह गंभीर अरुंद असेल आणि ईएफ ५०च्या खाली आलं असेल, तर रुग्णाला काहीही त्रास होत नसला तरी व्हॉल्व्ह बदलावा. तुमच्या घरात जो आकडा ऑपरेशन नको म्हणण्याचं कारण झालाय, तो तिथे ऑपरेशन करण्याचं कारण म्हणून लिहिलेला आहे.

अर्थात कॉक उघडला तरी मोटरचं वाइंडिंगच जळलेलं असेल तर पाणी चढणार नाही. हृदयात वाइंडिंग जळणं म्हणजे स्नायूच्या जागी व्रण तयार होणं. हे जुन्या हार्ट अटॅकमुळे होऊ शकतं, आणि व्हॉल्व्हचा भार फार वर्षं सोसल्यानेही होतं. हृदयाच्या रक्तवाहिन्यांतले अडथळे, अनियमित आणि वेगवान ठोके, दारू, जुना रक्तदाब, म्हातारपणी स्नायूत साचणारी प्रथिनं अशी पंपिंग कमी होण्याची इतरही कारणं असतात. तुमच्या दुसऱ्या डॉक्टरांना यातलंच काहीतरी दिसत असणार. ते उगाच घाबरवत नाहीयेत.

आता त्या २८ आकड्याबद्दल. तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा तपशील माझ्या मते हाच आहे. व्हॉल्व्हच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातला सरासरी फरक ४० किंवा त्याहून जास्त असला की व्हॉल्व्ह गंभीर अरुंद समजतात. तोंड १ चौरस सेंटिमीटरपेक्षा लहान असलं तरीही गंभीरच. निरोगी व्हॉल्व्ह तीन-चार चौरस सेंटिमीटर उघडतो. बाबांच्या रिपोर्टमध्ये तोंड ०.७ म्हणजे गंभीर, आणि दाब २८ म्हणजे मध्यम. दोन डॉक्टर एकाच कागदावरचे दोन वेगळे आकडे वाचतायत. पण दाबातला हा फरक तयार करायलाही हृदयात जोर लागतो. हृदयच थकलं तर व्हॉल्व्ह कितीही घट्ट असला तरी फरक कमीच दिसणार. उलट असंही होतं की व्हॉल्व्ह खरोखर मध्यमच खराब असतो, पण अशक्त हृदय त्याला पुरता उघडू शकत नाही, म्हणून तोंड लहान मोजलं जातं. या दोहोंतलं काय खरं, ते नुसत्या साध्या इकोवरून ठरत नाही. आणि तुम्हाला खोटा धीर द्यायचा नाही म्हणून सांगते, कमी पंपिंग आणि दाबातला फरक कमी असलेल्या रुग्णांचा हा गट व्हॉल्व्हच्या आजारातला सगळ्यात अवघड गट आहे.

पण ते ठरवण्याचे मार्ग आहेत. एक म्हणजे डोब्युटामाइन इको. शिरेतून औषध देऊन हृदयाला थोडा वेळ जोर लावायला लावतात आणि पाहतात. दाबातला फरक ४०च्या पुढे गेला आणि तोंड तेवढंच राहिलं, तर व्हॉल्व्हच गुन्हेगार. तोंड नीट उघडलं, तर दुसरे डॉक्टर बरोबर. या तपासणीत हृदयाची राखीव ताकदही कळते: एका ठोक्याला बाहेर पडणारं रक्त २० टक्के किंवा जास्त वाढलं तर ती शिल्लक आहे. ती नसेल तर छाती उघडून होणाऱ्या ऑपरेशनची जोखीम बरीच वाढते. तरीही दार बंद झालं असं समजू नका, कारण टावी, म्हणजे छाती न उघडता बहुधा मांडीतल्या रक्तवाहिनीतून व्हॉल्व्ह बसवणं, केलेल्या अशा काही रुग्णांचं पंपिंगही नंतर सुधारलेलं दिसलंय. दुसरा मार्ग सोपा आहे, सीटी स्कॅनवर व्हॉल्व्हमधलं कॅल्शियम मोजणं. पुरुषांत हा अंक २०००च्या आसपास किंवा वर असला तर व्हॉल्व्ह गंभीर असण्याची शक्यता मोठी. बायकांत हीच सीमा १२०० आहे, त्यामुळे एखादीने शेजारच्या काकांच्या रिपोर्टशी आपला रिपोर्ट ताडून पाहू नये. याशिवाय अँजिओग्राफी लागेलच. काहींना व्रण किती आहे हे पाहायला हृदयाचा एमआरआय सांगतात.

'ऑपरेशन करायचं की नाही' यावरचं भांडण या तपासण्या होईपर्यंत बाजूला ठेवा. आत्ता घरात जे चाललंय ते रिपोर्ट अर्धा असताना चाललंय.

किती जगतात हा प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारायचा असतो असं मी म्हटलं. दुसरी बाजू ऐका, कडू आहे. १९६८ साली जॉन रॉस आणि युजीन ब्राउनवाल्ड या अमेरिकी डॉक्टरांनी व्हॉल्व्ह न बदललेल्या रुग्णांच्या तोपर्यंतच्या नोंदी एकत्र मांडल्या. छातीत दुखणं सुरू झाल्यापासून सरासरी पाच वर्षं, शुद्ध हरपणं सुरू झाल्यापासून तीन, आणि हृदय थकून दम लागायला लागला की दोन. तेव्हाचे रुग्ण वेगळे होते, औषधं आज कितीतरी चांगली आहेत. पण आजही एकही गोळी हा व्हॉल्व्ह उघडत नाही. कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांनी आजार थांबेल अशी मोठी आशा होती, चाचण्यांमध्ये ती फोल ठरली.

नंतरचा पुरावा २०१० सालचा. 'पार्टनर' नावाच्या अभ्यासात, छाती उघडून ऑपरेशन झेपणारच नाही असं शल्यचिकित्सकांनी सांगितलेले रुग्ण घेतले होते, सरासरी वय ८३. नेहमीच्या उपचारांवर ठेवलेल्यांपैकी वर्षभरात ५०.७ टक्के दगावले, मांडीतून व्हॉल्व्ह बसवलेल्यांपैकी ३०.७ टक्के. हे सगळे कमी पंपिंगचे रुग्ण नव्हते आणि बाबा त्यांच्यापेक्षा तरुण आहेत, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे बाबांना लावू नका. आणि व्हॉल्व्ह बसवूनही शंभरातले तीस गेले, हेही नजरेआड करू नका. मला एवढंच दाखवायचंय की 'काहीच न करणं' हा जोखीम नसलेला पर्याय नाही.

म्हणून दादांच्या 'सुखाने जगू दे' याबद्दल मी थोडं टोकेन. बाबा आत्ता सुखाने जगतायत का? घरात बसलेले असले की त्रास नाही, असं तुम्ही लिहिता. पण त्यांनी दादर सोडलं, फेरफटका सोडला, जिना टाळला, म्हणून त्रास नाही! हा आजार माणसाचं जग असंच खोली-खोलीने लहान करतो आणि घरच्यांना वाटतं, बाबा आता शांत झाले. ज्यांच्या घरी वयस्कर माणूस 'मला काही होत नाही' म्हणतो, त्यांनी विचारावं की वर्षापूर्वी जे करत होता, त्यातलं आज काय करत नाही.

समजा तपासण्यांत व्हॉल्व्हच दोषी निघाला आणि तो बदलला. मग? बऱ्याच जणांचं पंपिंग पहिल्या काही दिवसांत-आठवड्यांत वाढू लागतं आणि पुढचे काही महिने वाढत राहतं. ज्यांचं असं लवकर सुधारतं त्यांची पुढची वर्षंही जास्त चांगली जातात. आधी अटॅक येऊन गेलेला असेल, व्रण मोठा असेल किंवा सुरुवातीचा दाबातला फरक कमी असेल, तर सुधारणा कमी किंवा उशिरा होते. बाबांच्या बाबतीत हा शेवटचा मुद्दा लागू आहे, म्हणून तीसचं साठ होण्याची वाट बघत बसू नका. चाळीस झालं आणि तीन मजले एकदा थांबून चढता आले, तर आयुष्य बदललेलं असेल. काहींचा आकडा फारसा हलत नाही, तरीही दम कमी होतो, कारण आतला दाब उतरलेला असतो. डिस्चार्जच्या वेळचा इको पाहून रडू नका. महिन्याभराने आणि पुढे डॉक्टर सांगतील तेव्हा होणारे इको एकत्र ठेवून बघा.

आणि व्हॉल्व्ह बसला म्हणजे गोळ्या संपल्या, असं होत नाही. इथे बरीच घरं घसरतात. अशक्त हृदयाच्या गोळ्या चालूच राहतात. २०२५मध्ये स्पेनमधल्या एका चाचणीत टावीनंतर डापाग्लिफ्लोझिन ही मुळात मधुमेहाची गोळी दिली. वर्षभरात मृत्यू किंवा हृदय पुन्हा बिघडणं हे गोळी घेणाऱ्यांत १५ टक्क्यांना झालं, न घेणाऱ्यांत २०.१ टक्क्यांना. ती बाबांना चालेल का, हे डॉक्टरांना विचारा, केमिस्टला नाही.

छाती उघडून की टावी, हे तुम्ही किंवा मी ठरवायचं नाही. हृदयरोगतज्ज्ञ, शल्यचिकित्सक आणि भूलतज्ज्ञ यांनी एकत्र बसून ठरवायचं असतं, आणि तुम्ही 'तुम्ही तिघं एकत्र बोललात का?' असं न लाजता विचारू शकता. साधारणपणे, रक्तवाहिन्यांतही मोठे अडथळे असले तर ऑपरेशनकडे कल जातो, म्हणजे बायपास त्यातच होते. मग छातीचं हाड भरून यायला दोन-तीन महिने, तेवढा काळ पाण्याची बादली उचलायची नाही. टावीमध्ये रुग्ण काही दिवसांत घरी येतो, पण पेसमेकर लागणं, व्हॉल्व्हच्या कडेने थोडी गळती होणं, लकवा अशा जोखमी तिथेही आहेत. सत्तरीत बहुधा प्राण्यांच्या ऊतींचा व्हॉल्व्ह बसवतात. धातूचा बसवला तर रक्त पातळ करणारी गोळी आणि आयएनआरची, म्हणजे रक्त किती पातळ झालंय याची, तपासणी जन्मभर. आणखी एक गोष्ट, दात आधी दाखवून घ्या. किडलेल्या दातातले जंतू नव्या व्हॉल्व्हवर जाऊन बसतात.

पैशाचं दादा उघड बोलत नसतील, पण मनात असणार. त्यात लाज नाही. केईएम तुमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. नायर, सायन आणि जेजेतही हृदयशस्त्रक्रिया होतात. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं संरक्षण आहे. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतो, बाबांना सुचवलेली प्रक्रिया यादीत आहे का ते त्याच्याकडून नेमकं विचारून घ्या. टावीचा खर्च काही लाखांत जातो, वापीत बनलेले व्हॉल्व्ह आता मिळतात तरीही. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. ते स्वतःहून सांगत नाहीत, समाजसेवा विभागात जाऊन विचारावं लागतं. मुख्यमंत्री वैद्यकीय सहायता निधी आणि सिद्धिविनायक न्यास यांच्याकडेही अर्ज करता येतो.

आता जे तुम्ही मला विचारलंच नाही ते. सबंध पत्रात दादांना काय वाटतं, आईला काय वाटतं, तुम्हाला काय वाटतं हे आहे. बाबांना काय वाटतं? त्यांना माहीतच नाही, कारण त्यांना अशक्तपणा आहे!

ते खचतील म्हणून सांगितलं नाही, असं तुम्ही म्हणाल. पुलावर खाली बसले ते बाबाच होते ना? आपल्या शरीरात काहीतरी मोठं बिघडलंय हे त्यांना तुमच्या आधी कळलेलं आहे. अख्खी नोकरी मुंबईच्या बसगर्दीत काढलेला माणूस एवढ्याने मोडत नाही. मोडतो तो घरातली कुजबुज ऐकून, आपण आलो की सगळे गप्प होतात हे पाहून. आणि सही तर त्यांनाच करावी लागणार आहे. शुद्धीवर असलेल्या माणसाच्या वतीने मुलांनी 'नको' म्हणण्याला कायद्यातही आधार नाही. 'मी दोषी' हा तुमचा धसकासुद्धा निर्णय तुमच्या खांद्यावर आहे या समजातून आलाय. तो खांद्यावरून उतरवून ज्याचा त्याला द्या.

कसं सांगायचं? सगळ्यांनी मिळून कोर्ट भरवू नका. तुम्ही एकट्या बसा, किंवा दादा आणि तुम्ही. 'बाबा, हृदयातून रक्त बाहेर जायची वाट अरुंद झालीय, त्यामुळे हृदय दमलंय. ती वाट मोठी करता येते का ते बघायला आणखी दोन तपासण्या करायच्या आहेत. त्यानंतर डॉक्टरांकडे तुम्हीच चला.' पहिल्या दिवशी एवढं पुरे. टक्के सांगायची गरज नाही, त्यांनी विचारले तर लपवायची नाहीत. मग त्यांना विचारा की पुढच्या वर्षी काय करता यायला हवंय. ते म्हणाले, शिमग्याला गावी जायचंय, पालखी नाचताना बघायची आहे, तर ते एक उत्तर झालं. ते म्हणाले, मला आता हॉस्पिटल नको, जे आहे ते घरात, तर सगळं समजून घेऊन दिलेलं तेही उत्तरच आहे. मग दम कमी करणारी औषधं, पाय सुजू नयेत म्हणून मीठ-पाण्याचं नियोजन आणि घरी येऊन पाहणारे डॉक्टर, हा उपचार नीट करायचा. त्याला हार मानणं म्हणू नका. माझा आक्षेप फक्त त्यांच्या अपरोक्ष ठरवण्याला आहे.

दादांशी भांडू नका. 'टेबलावर गेले तर?' हा त्याच्या बोलण्याखालचा खरा प्रश्न दिसतो. त्याला पुढच्या भेटीला बरोबर न्या आणि त्यालाच विचारू द्या: बाबांच्या बाबतीत जोखीम किती, तुमच्याकडे असे रुग्ण किती येतात, आणि काही केलं नाही तर पुढचं वर्ष कसं जाईल? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्याने स्वतःच्या कानांनी ऐकायला हवं. जाताना नुसता रिपोर्टचा कागद नेऊ नका, इकोची सीडी किंवा पेन ड्राइव्ह मागून घ्या. दुसऱ्या डॉक्टरांना चित्रं बघायची असतात.

तपासण्यांच्या तारखा मिळेपर्यंत बाबांनी जिना कमीत कमी चढावा, हंडे-पिशव्या उचलू नयेत. छातीत दुखलं म्हणून शेजाऱ्यांनी दिलेली जिभेखालची गोळी ठेवू नका, अरुंद व्हॉल्व्हमध्ये तिने रक्तदाब एकदम पडू शकतो. पुन्हा अंधारी आली, रात्री झोपेतून दम लागून उठून बसावं लागलं किंवा खरंच शुद्ध हरपली, तर ओपीडीच्या तारखेची वाट न बघता १०८ला फोन करा आणि अँब्युलन्समधल्या डॉक्टरांना पहिलंच वाक्य सांगा की यांचा महाधमनीचा व्हॉल्व्ह अरुंद आहे.